बॉनेटवरच्या फांद्या

"काका, ही नक्षी नाही. हे झाड आहे."

पुतणीने फोटो गॅरेजच्या ऑफिसमधल्या कॉम्प्युटरवर मोठा करून लावला होता. पेंटरकाकांनी चष्मा कपाळावरून खाली ओढला. परदेशातली ती जांभळी गाडी आता अख्ख्या पडद्यावर पसरली होती. जमिनीला पोट टेकेल इतकी खाली बसवलेली, चाकं वरून आत कललेली, दारांवर सोनेरी रेघा. आणि बॉनेटवरून काचेकडे चढत गेलेली ती नाजूक करडी वेल. पण वेल बॉनेटवर संपत नव्हती. ती समोरच्या काचेवर होती, आरशाच्या पाठीवर होती, शेजारी उभ्या असलेल्या दुसऱ्याच गाडीच्या टपावरही होती.

"सावली?" काकांनी विचारलं.

"प्रतिबिंब. गाडी झाडाखाली उभी करून फोटो काढलाय. तुम्ही झाडसुद्धा रंगवलंत."

काकांनी स्टूल पडद्याजवळ ओढलं. फोनमधल्या तळहाताएवढ्या फोटोवरून त्यांनी अकरा दिवसांत ती गाडी बेकरीवाल्याच्या गाडीवर उतरवली होती. त्यातले चार दिवस एकट्या बॉनेटचे. सोनेरी रेघा सोप्या गेल्या. तशाच रेघा ट्रकच्या फाळक्यांवर मारायला त्यांच्या उस्तादाने शिकवलं होतं, आणि समुद्रापलीकडेही कुणाला तरी तसाच उस्ताद भेटला असणार, असं त्यांना वाटून गेलं होतं. करडी वेल मात्र नवी होती. फांदीला फांदी फुटायची, मध्येच गाठ यायची, कुठे अचानक तुटायची. इतकं मोकळं काम करणाऱ्या त्या परक्या कारागिराला काकांनी मनातल्या मनात हात जोडले होते.

काकांचं काम राहणार की जाणार, ते याच गाडीवर ठरणार होतं. पुतणीला ब्रश बंद करून छापील स्टिकरचं मशीन आणायचं होतं. "ही गाडी हुबेहूब झाली तर ब्रश राहील," ती म्हणाली होती, "नाहीतर, काका, तुम्ही आता घरी आराम करा." घरी आराम म्हणजे काय, ते काकांना ठाऊक होतं. खुर्ची, भिंतीवरचं घड्याळ आणि औषधाची वेळ.

आता तीच आवाज खाली आणून म्हणाली, "जाऊ द्या. बेकरीवाल्याला कुठे कळलंय? काल बघून नाचत होता. आपण गप्प बसू."

काकांनी नकारार्थी मान हलवली. "गाडी त्याची आहे. लोक हसतील ते त्याला."

चार वाजता बेकरीवाला आला. मनगटाला अजून मैदा लागलेला. परवा हौशी गाड्यांचा मेळावा होता. रंगवलेल्या, सजवलेल्या शंभरेक गाड्या येणार होत्या, आणि त्या जांभळ्या गाडीचा फोटो त्यातल्या निम्म्या लोकांच्या फोनमध्ये होता.

"काय पेंटरकाका, नटली का नवरी?"

"माझ्याकडून चूक झालीय," काका म्हणाले, आणि त्यांनी सगळं सांगून टाकलं.

बेकरीवाला आधी हसला. मग त्याचा चेहरा उतरला. "म्हणजे मी दुसऱ्याच्या दारातलं झाड घेऊन मेळाव्यात जाऊ? सोडतील का लोक मला? पुसा, काका. आत्ताच्या आत्ता. ताई, तुमचा तो स्टिकर बसवा."

"बसवते," पुतणी म्हणाली. तिने काकांकडे पाहिलं नाही.

काकांनी पॉलिश पेपर पाण्यात बुडवला. बुंध्याला हात लावायला मन होईना, म्हणून शेंड्याकडून सुरुवात केली. एक डहाळी गेली. दुसरी गेली. करडं पाणी ओघळून बंपरवर आलं.

"अरे देवा!" बेकरीवाल्याने खिसे चाचपले. "त्या गाडीवाल्यालाच फोटो पाठवलाय मी काल. मोठ्या ऐटीत! तुझी गाडी बघून केली म्हणून." पाठवलेला फोटो काढून टाकायला त्याने घाईघाईने फोन उघडला. उत्तर सकाळीच येऊन पडलेलं होतं. लिपी अनोळखी होती, म्हणून त्याने ते तसंच ठेवून दिलं होतं.

"वाच, पोरी," काका बॉनेटवरची नजर न काढता म्हणाले. "बघू तरी काय शिव्या घातल्यात."

पुतणीने फोनकडूनच भाषांतर करून घेतलं. एकदा मनात वाचलं. मग पुढे होऊन तिने काकांचं ओलं मनगट धरलं.

"काका, थांबा."

आणि तिने मोठ्याने वाचलं, "गाडी छान झालीय. पण मला बॉनेटचा जवळून काढलेला फोटो पाठवाल का? ते झाड माझ्या आईने लावलं होतं. वादळात ते पडल्यापासून ती त्या बाजूची खिडकी उघडत नाही. आम्ही घरभर शोधलं, झाडाचा एकही फोटो सापडला नाही. इतकी वर्षं आम्ही सगळे गाडीचेच फोटो काढत होतो."