वाजवला, पण ऐकला नाही

गुणाजी ग्राइंडरचं बटण दाबणार, तेवढ्यात गाळ्याच्या दारातून आवाज आला, "हात काढ! गुणाजी, हात काढ आधी!"

मालनताई होत्या. ड्रिल म्हणा, करवतीची पाती म्हणा, ग्राइंडरचे दगड म्हणा, मरोळच्या निम्म्या गाळ्यांना हत्यारं पुरवायची ती या बाईच्या दुकानाने. पदर खोचलेला, चेहरा घामाने निथळलेला आणि तुटकी चप्पल हातात. भर उन्हात दुकान टाकून धावत आल्या म्हणजे काहीतरी भलतंच झालंय, हे गुणाजीने ओळखलं. त्याने बोट मागे घेतलं.

"दगड उतरव," त्या धापा टाकत म्हणाल्या. "केव्हाची फोन करतेय. तुमचा फोन मेलेलाच."

मशीनवर चढवलेला तो चाकासारखा कोरा दगड सकाळीच त्यांच्या दुकानातून आणलेला. आवाज ऐकून श्यामकांतशेठ केबिनमधून बाहेर आले. दुपारी माल न्यायला टेम्पो यायचा होता, निम्मा माल अजून घासायचा होता आणि शेठ सकाळपासून दिसेल त्याच्यावर खेकसत होते.

"आता काय, मालनताई? दगड तर वाजवून दिलात ना? माझ्या डोळ्यांदेखत."

ही ताईंची रीतच होती. दगड मधल्या भोकाने बोटात अडकवायचा आणि हातोड्याच्या लाकडी मुठीने हलकेच ठोकायचा. चांगला दगड घंटेसारखा वाजतो, आत तडा असेल तर नुसता भद्द करतो. न वाजवलेला दगड त्यांच्या दुकानाची पायरी उतरत नसे, मग गिऱ्हाईक कितीही चिडो.

"वाजवला, बरोबर. पण तेव्हा दुकानासमोर रस्ता फोडायचं मशीन धडधडत होतं. सवयीने ठोकला नि दिला. तुम्ही बघितलंत, मी पण बघितलं. ऐकला कोणी?"

शेठ हसले. "आपलाच माल खराब म्हणून गिऱ्हाइकाच्या दारात बोंब मारणारी दुकानदारीण पहिल्यांदाच बघतोय. गुणाजी, चालू कर रे."

तडा गेलेला दगड जोरात फिरला की फुटतो आणि समोर जो उभा असेल त्याच्या तोंडावर फुटतो. समोर गुणाजीच उभा होता. पण शेठना नाही म्हणायची त्याची छाती नव्हती. कधीच नव्हती.

ताई सरळ मध्ये आल्या आणि दगडासमोर, गुणाजीच्या जागेवर उभ्या राहिल्या.

"कर आता चालू."

"ताई, टाइमपास नको. उद्यापासून दुसरीकडून माल घेईन मी, सांगून ठेवतो."

"घ्या ना. आधी हा उतरवा."

आपल्या जिवाची एवढी पडलेली माणसं गुणाजीला या मुंबईत फारशी भेटली नव्हती. त्याने पाना उचलला आणि नट सैल केला. शेठ तोंडातल्या तोंडात पुटपुटले, पण आडवे आले नाहीत.

ताईंनी दगड बोटात अडकवला. पंखा बंद करायला लावला. मग तिथल्याच हातोड्याच्या मुठीने ठोकला.

ठण्ण. स्वच्छ, लांबत गेलेला आवाज. दगड थोडा फिरवून त्यांनी पुन्हा ठोकला. तसाच.

"झालं समाधान?" शेठ म्हणाले. "काही झालेलं नाही दगडाला! माझा वेळ फुकट खाल्लात."

"झालं," ताई मोकळेपणाने हसल्या. ओशाळल्याचा मागमूस नाही. "आता खुशाल घाला." तुटकी चप्पल उचलून त्या निघाल्यासुद्धा.

गुणाजी बघत राहिला. दगडात खोट नव्हती, नुसता संशय होता. तेवढ्यासाठी बाई उन्हातून धावली, शेठना भिडली, चांगलं गिऱ्हाईक सोडायला तयार झाली. आणि आपण?

"ताई," तो बोलून गेला. "त्या पलीकडच्या मशीनवरचा पण बघता काय जरा?"

शेठची मान गर्रकन वळली. तो दगड त्यांनी भलतीकडून स्वस्तात उचललेला होता. गुणाजी त्यावर रोज जीव मुठीत धरून काम करायचा आणि घरीसुद्धा बोलायचा नाही.

"तो माझ्याकडचा नाही," ताई म्हणाल्या. पण परत फिरल्या.

गुणाजीने दगड उतरवून दिला. ताईंनी ठोकला.

भद्द.

शेठचा चेहरा पांढरा पडला होता. ताईंनी त्यांना एका शब्दाने ऐकवलं नाही. दगड जमिनीवर ठेवून त्या गुणाजीला म्हणाल्या, "फोडून टाक. नाहीतर घाईत कुणीतरी परत चढवील."

गुणाजीने हातोडा उचलला. शेठना विचारायचं त्याच्या डोक्यातही आलं नाही.

"थांब!" शेठ ओरडले.

हातोडा वरच राहिला. शेठ केबिनमध्ये गेले, खण उघडल्याचा आवाज झाला आणि ते कागदात गुंडाळलेला, कधी न वापरलेला सेफ्टी गॉगल घेऊन बाहेर आले. गुणाजीकडे न बघताच त्यांनी तो पुढे केला.

"डोळ्याला लाव आधी."