झेंड्यातली फुलं

ग्रामपंचायतीच्या फाटकातच मनुबाईनं सुनेला थांबवलं. तिच्या कपाळावरची बारीक काळी टिकली नखानं उचकटली आणि शेजारच्या फ्लेक्सच्या बांबूला चिकटवली.

"झेंडा लावाय आलीयास, लगनाला न्हाई."

"आत्ती, काळी तर हाय."

"काळी असू न्हाईतर पिवळी. लोक बगत्यात."

संयोगितानं पदर डोक्यावर ओढला. फ्लेक्सवर तिचा नवरा होता. जयराज, वर्दीतला, सीमेवर शहीद झालेला. खाली लिहिलं होतं, 'प्रजासत्ताक दिनी वीरपत्नीच्या हस्ते झेंडावंदन'. त्याच्याही खाली सरपंचाचा फोटो, जयराजच्या फोटोपेक्षा मोठा.

तालुक्याचे कुणी साहेब यायचे होते, ते आले नव्हते. तोवर सरपंच वीरधवलनं माइक फिरवायला घेतला. मोबाइलवर व्हिडिओ काढायचा होता.

"एकेकानं एकच वाक्य सांगायचं. आपला देश फुडं कसा पायजे?"

"महासत्ता," शाळेचे गुरुजी म्हणाले.

"आधी लायनीत उभं ऱ्हायला शिका, मग महासत्ता," रिटायर सुभेदार नाथाजी.

"चार वर्साची नगं, पुरी भरती काढा!" हा शिवतेज. रोज पहाटे डांबरीवर पळतो, भरतीसाठी. पोरांनी शिट्ट्या मारल्या.

"मोबाइलला रेंज पायजे!"

"आन ज्ञानूला बायकू!" मागून कुणीतरी ओरडलं. लोक खदाखदा हसले. ज्ञानूही हसला, दुसरं काय करणार. रस्त्यावरून उसाची ट्रॉली गाणं लावून गेली. ती जाईपर्यंत देशाचं भविष्य थांबलं.

इकडं बायकांच्या ओळीत सरपंचाची बायको राजेश्वरी हळदीकुंकवाचं ताट घेऊन फिरत होती. मनुबाईपाशी आली. मनुबाईनं मान पुढं केली, कुंकू लावून घेतलं. पुढं संयोगिता. राजेश्वरीचं बोट कुंकवात बुडालं आणि तिथंच राहिलं. मग ती गोड हसली, संयोगिताच्या पुढून हात लांबवला आणि पलीकडच्या बाईला कुंकू लावलं.

"राग नगं मानू गं," ती हळूच म्हणाली. "आज समदा मान तुझाच हाय."

याच ग्रामपंचायतीत गेल्या साली ठराव झाला होता. नवरा गेलेल्या बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, सणासमारंभात तिला मागं ठेवायचं नाही. एकमतानं मंजूर. पेपरात फोटोही आला. फोटोत सगळे फेटे होते, पदर एक नव्हता.

माइक संयोगितापुढं आला.

"वहिनी, तुमी सांगा."

ती ताटाकडं बघत होती. ताट ओळीच्या टोकाला पोचलं होतं.

"झेंडा झाल्यावर सांगते."

साहेबांचा फोन आला. यायला जमत नाही, उरकून घ्या.

संयोगिता खांबापाशी गेली. वीरमाता म्हणून मनुबाईही शेजारी उभी राहिली. पंचायतीच्या शिपायानं, गुंडानं, दोरी सोडून हातात दिली. झेंडा त्यानंच बांधला होता, आत मूठमूठ फुलं भरून. पहिल्या हिसक्याला गाठ सुटली नाही.

"जोरात वढा, वैनी!"

तिनं वर बघून दोरी ओढली. पदर डोक्यावरून घसरला आणि त्याच वेळी झेंडा उलगडला. वाऱ्याचा पत्ता नव्हता. एरवी पटांगणभर उडणारी फुलं सरळ खाली आली, तिच्या डोक्यावर. झेंडूच्या पाकळ्या, गुलाबाच्या, अख्खी शेवंती. केसांत जागा मिळेल तिथं बसली.

बायकांच्या ओळीत एकीनं दुसरीला कोपर मारलं.

"झाड ती," मनुबाई दात आवळून म्हणाली. "डोस्क्यात फुलं हायती, झाड."

संयोगिता वरच बघत होती. मग मनुबाईनं स्वतःच हात उचलला. तो केसांपर्यंत पोचणार, एवढ्यात नाथाजी सुभेदार गरजले.

"राष्ट्रगीत! सावधान!"

शाळेच्या पोरींनी सुरू केलं. मनुबाईचा हात वाटेतनंच माघारी आला आणि मांडीला चिकटला. तिच्या पोरानं लहानपणी हीच शिस्त तिला शिकवली होती, राष्ट्रगीताला हलायचं नाही आई. राजेश्वरी ताटासकट ताठ झाली. वीरधवल ताठ. गुंडा ताठ. अख्खं गाव समोर बघत उभं होतं आणि समोर संयोगिता होती, डोकं फुलांनी भरलेली. कुणाला मान वळवता येत नव्हती, कुणाला पुढं होता येत नव्हतं.

'भारत माता की जय' झालं. लोक सैल झाले. तरी सगळ्यांचे डोळे तिच्या केसांवरच, की आता ही झाडंल, आता झाडंल. वीरधवलनं एका हातानं मोबाइल धरला, दुसऱ्यानं माइक पुढं केला.

"वहिनी, आता सांगा. देश कसा पायजे?"

संयोगितानं माइक दोन्ही हातांत धरला.

"आत्ता राष्ट्रगीताला हुता तसा," ती म्हणाली. "कुनाचाबी हात हलत न्हवता."

टाळी वाजवायची का नाही ते कुणाला कळेना. मनुबाई जमिनीकडं बघत राहिली. संयोगितानं मान लववून माइक परत दिला. केसांतली एक पाकळी गळून माइकच्या जाळीवर बसली.

वीरधवलनं मोबाइल बंद करून खिशात घातला. माइक तोंडापाशी नेला, पाकळी बघितली आणि फुंकर मारली.

फुंकर कर्ण्यातून गावभर ऐकू गेली.