पहाडाकडचा भोंगा

झिंगूने गाण्याच्या मशीनचा आवाज आणखी वाढवला. मोहाच्या झाडावर बांधलेला भोंगा थरथरू लागला. ऊन कलायला लागलं होतं आणि त्याची बायको धुरपता अजून जंगलातून परतली नव्हती.

सकाळी लग्नघरच्या बाया पत्रावळींसाठी पळसाची पानं तोडायला गेल्या, त्यांच्यासोबत तीही गेली. बाकीच्या जेवणवेळेला आल्या. हे गाव तिचं नव्हे, जंगलही पायाखालचं नव्हे. नवरीचा बाप देवराव तिच्या नात्यातला, म्हणून ती भोंग्याच्या बैलबंडीत बसून आली होती. त्यात गेल्या आठवड्यात नाल्यात वाघानं बैल मारलेला. तिला शोधायला गडी कुऱ्हाडी घेऊन त्या नाल्याकडेच गेले होते. जो तो झिंगूला एकच सांगत होता, गाणं जोरात लाव, ऐकून येईल बरोबर.

त्यालाही ते पटलं होतं. मिसरूड फुटल्यापासून चामोर्शीच्या आसपासची लग्नं त्याच्याच मशीननं गाजवली होती. आपला आवाज कुठवर जातो, याचा त्याला भारी तोरा. झिंगूभाऊ घरी कमी आणि भोंग्यातून जास्त बोलतो, अशी बाया त्याची थट्टा करत.

नीलाबाई पानं टाचता टाचता थांबली. सकाळी धुरपताच्या जोडीला तीच होती. लग्नघरात बोल लागेल म्हणून इतका वेळ गप्प होती.

"भाऊ, मी तिले म्हटलं, गाव इकडं हाय. तर म्हणे, नाई, आमचा भोंगा पहाडाकडून वाजून राह्यला. गेली तिकडंच."

वऱ्हाडाला लांबून ऐकू यावं म्हणून भोंग्याचं तोंड झिंगूनंच पहाडाकडे करून बांधलं होतं. आवाज पहाडावर आपटून जंगलात उतरतो, हे त्याला ठाऊक होतं. कितीदा तो त्यावर खूश झाला होता. म्हणजे दुपारपासून तो जितका आवाज वाढवत होता, तितकी तिला पुढे पुढे लोटत होता.

त्यानं तबकडीवरची सुई उचलली.

मांडव एकदम मुका झाला. देवराव धावत आला. वऱ्हाड यायच्या बेतात आहे, लग्नघर असं मुकं ठेवू नये, पाहिजे तर भोंगा जंगलाकडे फिरव, असं तो हात जोडून सांगू लागला. झिंगूने वर पाहिलं. चढून गाठी सोडेपर्यंत ती पहाड ओलांडून जाईल. आणि आता आवाज भलतीकडून आला, तर कोणता खरा हे तिनं कसं ओळखावं?

"गाणं लावू नोका, भाऊ. ते त्याच्याच मांगं जाऊन राह्यली," एवढं बोलून तो पहाडाकडे पळत सुटला.

पायथ्याशी पोचेतो त्याचा ऊर फुटायला आला होता. हाक मारायला तोंड उघडलं, तर काय म्हणावं कळेना. माईकवरून त्यानं साऱ्या मुलखाची नावं पुकारली होती, बायकोचं कधी चारचौघांत घेतलं नव्हतं. घरी ती नुसती सुमीची माय. इथे असल्या हाकेनं कोण ओ देणार?

"धुरपता!"

माईकशिवाय त्याचा गळा अगदीच बारका. आवाज समोरच्या बांबूंतच विरला. कुठेतरी वाळकं पान चुरलं आणि त्याला नाल्यातला वाघ आठवला. त्यानं पुन्हा हाक मारली. काही नाही. तिसऱ्यांदा मारली तेव्हा आवाज फाटला होता आणि तो सरळ रडत होता.

"ओ..." बरंच वरून आलं.

ती दगड धरत धरत उतरली. पायात काटे मोडलेले, ओठ सुकलेले, पानांचा भारा अजून डोक्यावर. भारा खाली टाकून ती त्याच्यासमोर बसली.

"तुमच्या गाण्याच्या मांगं मांगं चालून राह्यली होती," ती म्हणाली. "जेवढी चालली, तेवढे तुमी दूर."