न धुतलेली माती

"काका, जंगलात भूत आहे का हो?"

पैज मैत्रिणींनी लावली होती, आणि तिला भोंगा हे नाव उगाच पडलं नव्हतं. अख्ख्या सहलीसमोर तिने वनरक्षकाला खणखणीत विचारलं. मागे खिदळणं सुरू झालं.

फाटकाशी बसून तो एकेकाच्या बुटांचा चिखल ब्रशने खरवडत होता. "आहे की. ते बघ."

उतारावरची झाडं उभ्या उभ्या वाळली होती. पानं तपकिरी, पण एकही गळलेलं नाही. बुंध्यांवर काळे ओघळ, रडून काजळ पसरावं तसे. एकही पाखरू बोलत नव्हतं.

"बाहेरून आलेला रोग. मातीत राहतो. पूर्वी इथे एवढ्या उंचावर हिवाळ्यात माती गोठायची, हा मरायचा. आता गोठतेय कुठे? मग बुटांना चिकटून निघतो फिरायला. असा ओघळ कुठे दिसला, तर पाटीवर माझा नंबर आहे. चल, दुसरा पाय."

पाटीवरचा नंबर तिने फोनमध्ये घेतला. पैजेचं आइस्क्रीम तिने अर्धंच खाल्लं.

घरी आईबाबा रोपवाटिकेत शेवटच्या पिशव्या भरत होते. सकाळी गाडी येणार होती. त्याच उतारावर लावायला वनखात्याने ही रोपं मागवली होती. बाबांचं फावडं जुन्या मातीच्या ढिगात होतं. आजोबांपासूनची रीत: मेलेल्या रोपांची माती हिवाळाभर अंगणात पसरायची, मग पुन्हा वापरायची. थंडी माती धुते, असं आजोबा म्हणायचे.

अंगणातल्या पिंपात पाण्यावर दर हिवाळ्यात बर्फ धरायचा. ती दगड टाकून तो फोडायची. यंदा दगड सरळ तळाला गेला होता.

आधी भरलेल्या रांगांमधून ती धावत सुटली. रोपं टवटवीत. एकाच्या बुडाशी काळा ओघळ. मग शेजारच्याच्या. मग पुढच्या रांगेत.

ती परत आली तेव्हा एका हातात ओघळ आलेलं रोप होतं, दुसऱ्यात फोन. "बाबा, यंदा माती धुतलीच गेली नाही."

बाबांनी वाकून रोप पाहिलं. "पाणी जास्त झालं असेल," ते म्हणाले, पण फावडं त्यांनी पुन्हा उचललं नाही.

"कुणाला कळलं तर सगळं जाळून टाकतील गं," आई कुजबुजली. "वर्षभर खायचं काय? तू आपलं तोंड बंद ठेव."

जन्मात पहिल्यांदा भोंगा हळू बोलली.

"मी फोन केलाय. वनरक्षक काका इकडे यायला निघालेत, आई. भूत आपल्याकडेच राहतंय. मी त्याला गाडीत बसू देणार नाही."