टिचकी

काटा सकाळपासून हलला नव्हता. खरं सांगायचं तर लॅबवालीने त्याला हलू दिलं नव्हतं.

या यंत्राची एक खोड आहे. पितळी कड्यात मातीची चकती, तिच्यावर वजनं आणि वर घड्याळासारखी तबकडी. माती दबेल तसा काटा सरकतो. पण जुना काटा अधूनमधून अडकून बसतो, म्हणून बघण्याआधी काचेवर नखाने हलकीशी टिचकी मारायची. नवीन माणसाला पहिल्या दिवशी हेच शिकवतात, आणि हिचे तर इथे केस पांढरे व्हायला लागलेले. तरी आज तिचं बोट काचेपर्यंत जायचं आणि परत यायचं. मग ती उठायची, खिडकी लावायची, पुन्हा उघडायची, नळ नीट बंद आहे ना ते उगाचच बघून यायची.

शेजारच्या स्टुलावर सासूबाई बसल्या होत्या, मांडीवर बोचकं घेऊन. "आज घरी जायचं की नाही ते इथेच कळणार ना? मग मी इथेच बसते," असं म्हणून त्या सुनेच्या मागोमाग आल्या होत्या.

सासूबाई राहायच्या त्या इमारतीखालून बोगदा गेला होता. तिथली माती लोण्यासारखी मऊ. खणताना ती आत घुसू नये म्हणून गोठवली होती, आणि राहणाऱ्यांना तेवढ्यापुरतं दुसरीकडे हलवलं होतं; सासूबाई तेव्हापासून मुलगा-सुनेकडे होत्या. बोगदा झाला, माती वितळू दिली. त्या मातीची ही चकती आता इमारतीखाली पडतो तेवढ्याच दाबाखाली ठेवली होती. काटा थांबला तर माती सावरली, लोकांनी खुशाल परत जावं. नाही थांबला, तर वरची इमारत अजून खचणार.

"पण मी म्हणते, माती तीच, पाणी तेच," सासूबाई म्हणाल्या. "गोठलं नि वितळलं. त्यात बिघडलं काय?"

"बर्फ फुगतो, आई. कणांना रेटून स्वतःला जागा करतो. तो गेला तरी जागा तशीच राहते. आधी बारीक छिद्रं होती, तिथे आता मोठाल्या पोकळ्या, पाण्याने भरलेल्या. वरून भार आला की पाणी निघून जातं आणि माती बसते."

"म्हणजे फ्रीजरमधून काढलेला टोमॅटो."

"अगदी तसंच."

"दिसायला टोमॅटोच. हातात घेतला की कळतं."

लॅबवालीला हसू आलं, आणि हसू आल्याचा रागही आला. बाई खाष्ट असती तर किती सोपं झालं असतं. दोन खोल्यांत पाच माणसं, आणि या पाचव्या माणसाने कधी कशाला नाव म्हणून ठेवलं नाही. नुसती डब्यांची जागा बदलली, चहातली साखर कमी केली, नवरा-बायको हळू बोलायला लागली की मुद्दाम खोकत राहिली. भांडायला कारण सापडेना आणि न भांडता जीव मेटाकुटीला आलेला. तिला तिचं घर परत हवं होतं, तेही आजच.

फोन वाजला. साहेब होते.

"काय गं, थांबला का काटा? लोक सामान घेऊन फाटकाशी उभे आहेत."

"थांबलाय."

"टिचकी मारून बघितलीस ना?"

तिने काट्याकडे पाहिलं. मग सासूबाईंकडे. त्या बोचक्याची गाठ आवळत होत्या.

"जाते एकदाची," त्या मान वर न करता म्हणाल्या. "तूही जरा हातपाय पसरशील."

"एक मिनिट, साहेब," ती म्हणाली, आणि तिने टिचकी मारली.

काटा झटक्याने घसरला. घसरला तो थांबेचना.

"नाही थांबला," ती फोनमध्ये म्हणाली. आवाज जरा चढाच निघाला. "माती अजून दबतेय. कुणालाही आत सोडू नका."

तिने फोन ठेवला. सासूबाईंनी बोचक्याची गाठ सोडली, आतून चष्मा शोधून काढला, डोळ्यांवर चढवला आणि वाकून तबकडी नीट न्याहाळली.

"सकाळपासून बघतेय मी," त्या म्हणाल्या. "तू काचेपर्यंत बोट नेतेस आणि मागे घेतेस. मला वाटलं, काच पोळतेय."