सगळ्याला व्हय

"दुखायला लागलं की डोक्याचे केससुद्धा दुखतात का?" दीक्षा मॅडमनी विचारलं.

"व्हय," अजिनाथ म्हणाला.

मॅडमनी कागदावर खूण केली. अजिनाथला हायसं वाटलं. सोलापूर-बार्शी बस चालवून चालवून त्याची कंबर खरोखरच कामातून गेली होती. ब्रेक दाबताना उजवा पाय बधिर व्हायचा आणि मागे गाडीभर माणसं डुलक्या घेत बसलेली असायची. भीतीनं त्याला घाम फुटायचा. हलकं काम मिळावं म्हणून त्यानं अर्ज केला, तर डेपोनं आधी इथं, सरकारी दवाखान्यातल्या या मानसतज्ज्ञ मॅडमकडं धाडलं. दुखणं खरं की सोंग, ते म्हणे या प्रश्नांवरून कळतं.

आता ड्रायव्हर लोकांची एक खोड असते. दरवर्षीच्या तपासणीत डॉक्टरनं काहीही विचारलं तरी 'न्हाय' म्हणायचं. चक्कर न्हाय, कळ न्हाय, काहीच न्हाय. नाहीतर स्टेअरिंग जातं. अजिनाथनं अख्खी नोकरी त्या एका शब्दावर निभावली होती. म्हणूनच राजशेखर कंडक्टरनं त्याला बजावलं होतं, "या टायमाला उलटं करायचं. सगळ्याला व्हय म्हण." अजिनाथनं ते इमानेइतबारे पाळलं.

प्रश्न संपले. मॅडमनी बेरीज केली आणि चष्मा काढला.

"काका, यातले बरेच प्रश्न मुद्दाम घातलेले असतात. तसं कुणाचंच दुखत नाही. तुम्ही त्यांनाही हो म्हणालात."

अजिनाथनं हात जोडले. "मॅडम, मला तसं शिकवलं हुतं. पर कंबर खरंच दुखतीया हो! परत इचारा की. आता खरं खरं सांगतो."

"आता कसं विचारू, काका? आता तुम्हाला प्रश्न कळलेत."

म्हणजे खरं बोलायची वाटही बंद झाली, आणि ती त्यानं स्वतःच्याच तोंडानं बंद केली होती. तो उठला. कमरेतून टाचेपर्यंत सणकन कळ गेली. 'आई गं' अगदी ओठांवर आलं, पण मॅडम बघत होत्या. आता कण्हलं तर तेही नाटकच ठरणार. दुखणं आपलं, आणि विव्हळायची मात्र चोरी! त्यानं दात आवळले आणि हूं की चूं न करता, ताठ चालत दार गाठलं. डोळ्यांत पाणी आलं होतं, पण तोवर त्याची पाठ फिरली होती.

मागून मॅडमचा आवाज आला. त्यात खोच नव्हती, उलट मायाच होती.

"बघा काका, किती छान चालताय! उद्या गाडी घ्यायला काहीच हरकत नाही."