तीन वर्षं कपाटात
“जायचंय तर जा, पण कॉलेज पुरं करीन असं देवापुढं बोल,” आई म्हणाली होती. डेझमंड तसं बोलला, चार वर्षांचं कॉलेज पहिल्याच वर्षानंतर सोडून व्यावसायिक बास्केटबॉलमध्ये गेला आणि बारा वर्षं गाजला. गुडघ्यानं दगा दिल्यावर आज तो कॉलेजच्या जुन्या कोचसमोर बसला होता. टेबलावर त्याची कॉलेजची जर्सी होती. मोठ्या खेळाडूचा मान म्हणून त्याची जर्सी बंदिस्त मैदानाच्या छताला टांगायची, पण तो पदवीधर असेल तरच, असा इथला रिवाज. “तुझ्यासाठी नियम वाकवलाय लेका. शनिवारी टांगू,” कोच म्हणाले. “आधी पदवी पुरी करतो,” डेझमंड म्हणाला. “लवकर गेलास म्हणूनच एवढा खेळलास! पदवी घेऊन काय दिवे लावणारेस?” “खेळाचं भलंच झालं. आईला दिलेला शब्द राहिलाय. जर्सी तीन वर्षं कपाटात ठेवा.” “पोरांच्या वर्गात बसणार? बाकात मावशील का?” “पाय बाहेर काढीन की!” डेझमंड लंगडत जिना उतरला आणि नावनोंदणीच्या रांगेत पोरांमागं उभा राहिला.